आठवीचा वर्ग, शेवटचा तास आणि वास

खडूफळा

विषय नाजूक आहे, त्यामुळे शाळेचं नाव विचारू नका. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूची अनुदानित मराठी शाळा, एवढं पुरे. सकाळची पाळी, सात वाजता प्रार्थना. मी विज्ञान शिकवते.

आठवीच्या एका तुकडीला शेवटून दुसरा तास पीटीचा आणि शेवटचा माझा. साठाच्या आसपास मुलं, एका बाकावर तिघं, रस्त्याकडच्या खिडक्या हॉर्नमुळे बंद. कबड्डी खेळून मुलं आत आली की माझं पाऊल दारातच अडतं. उन्हाळ्यात घामाचा आंबूस वास, पावसाळ्यात त्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास, आणि कुणी बाकाखाली बूट काढले तर मग विचारूच नका.

हे एक वेळ चालवून घेईन. पण वर्गात एका मुलाच्या शेजारी आता कुणीच बसत नाही. तिघांच्या बाकावर तो एकटा. पोरांनी त्याला नाव पाडलंय, ते इथे लिहीत नाही. तो आत आला की मागच्या बाकांवरून खोटं खोटं शिंकणं सुरू होतं. मुलगा चांगला आहे. पहिल्या सत्रात सारखा हात वर असायचा, आता खाली मान घालून वहीत रेघोट्या मारत बसतो.

स्टाफरूममध्ये सल्ल्यांना तोटा नाही. एक सर म्हणाले, सगळ्यांसमोर एकदा झापा, दुसऱ्या दिवशी चकाचक येतो की नाही बघा. एक मॅडम तासाला जाताना रूम फ्रेशनरच घेऊन जातात, त्यामुळे आता घाम अधिक मोगरा. तिसऱ्यांचं मत, डायरीत लिहून पाठवा. काय लिहू डायरीत? 'आपल्या पाल्याला वास येतो, सही करून पाठवावे'?

तेरा-चौदा वर्षांच्या पोराला न दुखावता हे कसं सांगायचं? शिक्षक, पालक, डॉक्टर, कुणीही लिहा.

पेठेतला_काका

आमच्या वेळी पीटीचे सर सोमवारी सगळ्यांना रांगेत उभं करून नखं, दात, कान बघायचे. नखं वाढलेली असली की पट्टी बोटांवर. कुणाचा न्यूनगंड वगैरे झाला नाही. आता सगळं नाजूकच झालंय. मुलांना आंघोळ करा म्हणायलाही धागा काढावा लागतो!

मुक्तांगणी

काका, नखं रांगेत बघता येतात. काखा कशा बघणार? आणि पट्टीचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई २००९) कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेसोबत मानसिक त्रासावरही बंदी आहे. सगळ्यांसमोर 'तुला वास येतो' म्हणणं त्यात बसतं. शिवाय ज्याला झापलं तो दुसऱ्या दिवशी चकाचक येत नाही, तो येतच नाही.

पेठेतला_काका

बरं बरं. हलकेच घ्या. पण नखं बघायलाच हवीत, यावर मी ठाम आहे.

त्वचावैद्य

त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. शरीरभर ज्या घामग्रंथी असतात त्यांतून पाणी आणि मीठच येतं. काखेत आणि जांघेत एक वेगळ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, अपोक्राइन. त्या वयात येईपर्यंत झोपलेल्या असतात. मग संप्रेरकं वाढली की सुरू होतात. त्यांचा स्राव घट्टसर असतो, त्यात मेद आणि प्रथिनं असतात. त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात आणि त्यातून वास तयार होतो. म्हणून सहावीतल्या मुलाला दोन दिवस आंघोळ न करताही खपून जातं आणि आठवीतल्याला सकाळची आंघोळ दुपारपर्यंत पुरत नाही. मुलाचं काही बिघडलेलं नाही, शरीर बदललंय आणि सवयी जुन्याच आहेत. गंमत म्हणजे स्वतःच्या वासाला नाक सरावतं. आपल्याला वास येतोय हे त्या मुलाला खरंच कळत नसेल.

करायचं काय? काखा, जांघा आणि पावलं साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची. बाकी अंगाला नुसतं पाणी मिळालं तरी चालतं. ओल्या अंगावर कपडे चढवायचे नाहीत. आत सुती बनियन हवं आणि ते रोज बदलायचं. टेरिकॉट आणि पॉलिस्टरमध्ये वास सुतीपेक्षा जास्त धरून राहतो, पीटीचे टी-शर्ट नेमके त्याचेच असतात. डिओ वास झाकतो. घाम कमी करायचा तर अँटीपर्स्पिरंट लागतं, त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते रात्री कोरड्या काखेत लावलं तर जास्त उपयोग होतो. खर्च नको असेल तर धुतलेल्या काखेवर तुरटी फिरवा. त्वचा जळजळली तर बंद करा.

आता एक कळकळीची गोष्ट. यातल्या बऱ्याच मुलांना जांघेत नायटा असतो आणि लाजेखातर कुणी सांगत नाही. मग मेडिकलवाल्याकडून 'खाजेची ट्यूब' येते. त्या मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पोरगं खूश होतं, आणि महिनाभराने नायटा पोटावर आणि पाठीवर पोचलेला असतो. ट्यूब स्वतःच्या मनाने आणू नका. डाग गेला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पुरं करा. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचेही उपचार सोबतच करा आणि टॉवेल वेगळे ठेवा.

काही मुलांना तळहाता-तळपायाला मुळातच फार घाम येतो, वही भिजेपर्यंत. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आंघोळीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि एखादं नीटनेटकं मूल अचानक आंघोळ, केस, कपडे सगळंच सोडून देत असेल, तर साबणाआधी त्याच्या मनाची चौकशी करा. नैराश्य असंही दिसतं.

चहाबिस्कीट

वाचनखूण साठवली. घरातल्या नववीतल्या चिरंजीवांना वाचायला देतो. त्यांचे बूट सध्या बाल्कनीत हद्दपार आहेत.

नऱ्हेकर

डॉक्टरांचं सगळं पटलं, पण आधी नळाला पाणी तर हवं. आमचं नऱ्हे २०२१ मध्ये महापालिकेत आलं. खडकवासला धरण एवढं उशाशी, तरी आमच्या सोसायटीत टँकरच येतो. टँकर उशिरा आला की घरात पहिली कात्री आंघोळीला लागते, आणि त्यातही मुलांच्या, कारण 'तू काय, संध्याकाळी कर'. खोल्यांमधून राहणाऱ्यांचे तर याहून हाल.

बाई, एक करून बघा. वास कुठल्या वारी जास्त येतो याकडे लक्ष ठेवा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं की बहुतेक वेळा गुरुवार ठरलेला. नोटिशीतली पुढची ओळ तर पाठ झालीये, 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल'. तुमची शाळा सातची. शुक्रवारी सहाला कुठून येणार पाणी?

आणि पाणी आलं म्हणजे झालं असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात, इथलं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडले तेव्हा बोट दूषित पाण्याकडेच गेलं होतं. घरी कुणी सहज आजारी पडलं तरी धस्स व्हायचं.

मुक्तांगणी

शुक्रवारचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. +१

बाणेरची_ताई

मी बाणेरकडच्या एका इंग्रजी शाळेत शिकवते. आमच्याकडे पाणी, गीझर, चार-चार गणवेश सगळं आहे, आणि वास तरीही आहे! आमची अडचण म्हणजे डिओचे ढग. फुटबॉल झाला की मुलगे टॉयलेटमध्ये घुसतात, शर्टावरूनच फवारे मारतात आणि घाम आणि स्प्रे मिळून जो काही प्रकार वर्गात येतो तो नुसत्या घामापेक्षा वाईट. वर्गात दम्याची एक मुलगी आहे, तिला खोकल्याची उबळ यायची. शेवटी शाळेने स्प्रेचे डबे आणायला बंदी घातली, रोल-ऑन चालेल म्हणून सांगितलं. आता मुलं रोल-ऑन एकमेकांना देतात. म्हणजे प्रश्न बदलला फक्त.

पालकांबद्दल सावध राहा. आमच्या एका सहकाऱ्यांनी एका आईला फोन करून अगदी मृदूपणे सांगितलं होतं. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, 'माझ्या मुलाला शाळेत घाणेरडा म्हटलं गेलं'. मग प्राचार्यांकडे बैठक, खुलासे. तेव्हापासून आमच्याकडे सगळे शिक्षक नाक दाबून गप्प.

पर्वतीपायथा

हा धागा मी दोनदा बंद करून परत उघडला. मी तो बाकावरचा एकटा मुलगा होतो. शाळा दुसरी, वर्षंही बरीच झाली.

पर्वतीच्या उतारावर एक खोली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, तिला जुन्या साडीचा पडदा. घरात आई-वडील, मोठी बहीण, मी. लहान होतो तोवर कसली अडचण नव्हती. बहीण मोठी झाली, मी वयात आलो, आणि त्या पडद्यामागे कपडे काढायचीच लाज वाटायला लागली. पलीकडे हातभरावर आई पोळ्या लाटतेय, बहीण डबा भरतेय. मग मी चड्डीवरच दोन तांबे ओतून उठायचो. साबण लागायचा तो हातापायांना. जिथे लागायला हवा तिथे लागतच नव्हता. हे कुणाला सांगणार? आईला वाटायचं पोरगं रोज आंघोळ करतंय.

एका सरांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. खेळाच्या सामानाच्या खोलीमागे नळ आणि आडोसा होता, तिथल्या कुलपाची जबाबदारी माझ्यावर टाकली. 'सकाळी लवकर ये, सामान मोजून ठेव आणि हातपाय धुऊन वर्गात जा.' खोलीला आतून कडी होती. बाकीचं मला कळलं.

तुमच्या शाळेत असा आडोसा आहे का, एवढं बघा.

निवडुंग

__/\__

आईपण_आणि_नोकरी

मुलींचं कुणी बोलेना म्हणून लिहिते. पाळीच्या दिवसांत पॅड चार ते सहा तासांनी बदलायला हवं. सातच्या शाळेसाठी मुलगी सहाला घरातून निघते, दीडला परत येते. मधे बदलायला कुठे जाणार? बऱ्याच शाळांत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, किंवा पाणी नाही, किंवा ते कुलूपबंद आणि किल्ली शिपाईमामांकडे. मामांकडे किल्ली मागायची म्हणजे सगळ्या व्हरांड्याला कळवायचं. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. मग जळजळ, ताप. वासाबद्दल मुलीला काही बोलण्याआधी एकदा त्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन या. झाकणाची कचरापेटी, कागदाचा गठ्ठा, कडी, नळ. एवढंच तपासा. आपल्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली, वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करायची म्हणजे उचलणाऱ्या हाताला कळतं. मुलींना ते शिकवायला पाच मिनिटं पुरतात.

उवांबद्दलही जाता जाता. उवा घाणेरड्या केसांतच होतात असं नाही, धुतलेल्या केसांतही मजेत राहतात. डोक्याला डोकं लागलं की झालं. तेव्हा उवा झालेल्या मुलीला स्वच्छतेचं व्याख्यान देऊ नका.

त्वचावैद्य

अगदी बरोबर. उवांचं औषध आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं, कारण लिखा पहिल्या वेळी वाचतात आणि नंतर फुटतात. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी तपासायची, नाहीतर गोल गोल फिरत राहतं.

पावसाळी

कुबट वासावर माझे दोन पैसे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात टेरिकॉटची पँटसुद्धा धड वाळत नाही, कमरेची पट्टी आणि खिसे ओलेच राहतात. आपण वरून इस्त्री मारतो, हाताला गरम लागते म्हणून वाळली समजतो. त्या शिवणींतच वास धरतो. पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून पंख्याखाली टाका. धुण्याची पावडर जास्त घालू नका, नीट खंगाळली गेली नाही तर तिचाच थर बसतो. बादलीत ओला शर्ट रात्रभर पडू देऊ नका. मोजे मात्र रोज, काहीही झालं तरी. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

अवांतर: शाळा पीटीचे पांढरे बूट सक्तीचे करतात ते कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे सहामाही आली, म्हणून उशीर. काय केलं ते लिहिते.

आठवीचा पहिलाच धडा सूक्ष्मजीवांचा आणि दुसरा 'आरोग्य व रोग'. दोन्ही शिकवून झालेले, तरी उजळणी म्हणून त्यावर परत गेले आणि त्वचेवरचे जिवाणू घेतले. मुलगे-मुली एकत्र. घामग्रंथींचं चित्र फळ्यावर काढलं, काख म्हटल्यावर जी खसखस पिकायची ती पिकली, मीही हसले, मग पुढे गेले. डॉक्टरांचं 'स्वतःच्या वासाला नाक सरावतं' हे वाक्य ऐकून वर्ग एकदम शांत झाला. प्रत्येकाने हळूच स्वतःची कॉलर ओढून बघितली!

मग खडूच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडून ठेवलं, नाव न घालता चिठ्ठी टाका म्हणून. काही चिठ्ठ्या टारगट होत्या, त्या अपेक्षितच होत्या. पण बाकीच्या? 'आंघोळ केली तरी वास येतो, मला कॅन्सर आहे का?' 'जांघेत गोल चट्टा आहे, कोणाला दाखवू?' 'पावडर काखेत लावली की गोळे होतात.' 'आमच्याकडे साबण एकच, कपड्याचा, तो चालेल का?' आणि मुलीच्या अक्षरात, 'कडी लावून द्या'. कडीचं मुख्याध्यापकांकडे नेलं. 'प्रस्ताव द्या' म्हणाले. शिपाईमामांनी जुनी कडी शोधून दुपारी स्वतःच ठोकली.

आता तो मुलगा. नऱ्हेकरांचं वाचून आधी वार बघितले. त्याचं शुक्रवारशी काही नव्हतं, रोजचंच होतं. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत भिंगं पुसायला थांबवलं, दार उघडं, मामा बाहेर झाडत होते. भिंगं पुसता पुसता बोललो.

"सकाळी किती वाजता उठतोस रे?"
"साडेचारला, बाई."
"एवढ्या लवकर? अभ्यासाला?"
"नाही. पप्पांची पेपरची लाइन आहे. पुरवण्या भरतो, मग माझ्या दोन गल्ल्या टाकतो. तिकडूनच शाळेत येतो."
"आणि आंघोळ?"
"रात्रीच करतो ना. सकाळी पाणी नसतं आमच्याकडं."

मग मी सरळ सांगितलं. आवाज खाली आणून, पण आडून नाही. "तू सकाळी एवढे जिने चढतोस, घाम येणारच. तो तसाच सुकतो आणि त्याचा वास राहतो, वर्गात जाणवतो. त्यात तुझा दोष नाही. आपण जरा वेगळी सोय करू." तो गप्प. भिंग पुसतच राहिला. मग म्हणाला, "मला माहितीये बाई. पोरं शिंकतात ना." आणि मग, "मला वाटलं, शाईचा येतो."

गणवेशाचा शर्ट घालूनच तो लाइन टाकत होता. आता जुना टी-शर्ट घालतो, गणवेश पिशवीत घेऊन येतो. पर्वतीपायथा, आडोसा आमच्याकडे नव्हता, पण प्रयोगशाळेत बेसिन आहे आणि दाराला आतून कडी आहे. साहित्य लावायची जबाबदारी त्याच्याकडे दिली, सोबत आणखी एकाकडे, नाहीतर पोरं लगेच बोट दाखवतात. तुमचीच युक्ती ढापली.

शिंकणाऱ्यांशी मी वेगळं बोलले आणि तिथे माझा आवाज काही खाली नव्हता. बाकावर अजून तो एकटाच आहे. त्यातल्या त्यात बरं म्हणजे मागच्या बाकावरचा एक जण मधूनमधून त्याच्या शेजारी येऊन बसतो, गणितापुरता.

पर्वतीपायथा

सरांना आज फोन केला. दुसरं काही बोललो नाही, तब्येत विचारली.

पेठेतला_काका

बाई, पेपरच्या लाइनवाल्या पोराचं वाचलं. आमच्याकडे नातवाचे गणवेशाचे दोन शर्ट आहेत, पांढरेच. तोकडे झालेत म्हणून ठेवले होते. माप कळवा. आणि हो, नखं बघितली की नाही?

खडूफळा

बघितली काका, पट्टी न वापरता! मापाचं खाजगी निरोपात कळवते.

बाणेरची_ताई

खडूफळा, तुमचा तास पीटीनंतर आहे हा मूळ तिढा आहे ना? वेळापत्रकच का बदलत नाही? पीटी शेवटी घ्या, मुलं खेळून थेट घरी.

खडूफळा

विचारलं. पीटीचे सर म्हणाले, शेवटच्या तासाला ऊन असतं, मुलं पळत नाहीत आणि अर्धी आधीच सटकतात. माझ्याशी तास बदलायला तयार आहेत, पण मग माझी प्रात्यक्षिकं पीटीच्या तासात आणि मैदान शेवटी. ऊन कमी झालं की करू म्हणालेत. तोवर रस्त्याकडच्या दोन खिडक्या उघडल्यात. हॉर्न ऐकू येतात, मी जरा ओरडून शिकवते.

चहाबिस्कीट

चिरंजीवांनी धागा वाचला. 'मला वास येत नाही, तुम्हालाच येतो' असा निकाल दिलाय. डॉक्टर, नाक सरावतं ते कितव्या ओळीत लिहिलंय, परत दाखवतो.

त्वचावैद्य

दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी. आणि बूट बाल्कनीतच राहू द्या.